डब्यातला माल्ट आणि बिअरमधला माल्ट



आदिलाबाद, बेला, जैनथ, बोथ या भागांतल्या आपल्या मराठी घरांतली मुले आता हैदराबाद-पुण्यापुरती राहिलेली नाहीत. कुणी अमेरिकेत आहे, कुणी इंग्लंडमध्ये, कुणी ऑस्ट्रेलियात. तिकडे घरी बिअर करणे हा रविवारचा छंद समजला जातो. बाजारात त्याचे साहित्य मिळते आणि मित्रमंडळी जमून वीस लिटरचा घाणा लावतात. सुटीत घरी आली की ही मुले त्याच्या गप्पा सांगतात. त्यातून एक प्रश्न हमखास निघतो : बिअर माल्टपासून होते म्हणतात, आणि आपल्या स्वयंपाकघरात तर चॉकलेट माल्टचा डबा कायमचा आहे. मग दुधात घालतो ती पूड बिअरमध्ये घातली तर चॉकलेटची बिअर होईल का?

प्रश्न ऐकून मोठी माणसे एकतर हसतात, नाहीतर रागावतात. आम्हांला वाटते की दोन्ही करू नये. त्याचे नीट उत्तर द्यावे, कारण त्यात रसायनशास्त्र आहे, थोडा इतिहास आहे आणि आपल्या इथे कायद्याचा एक गंभीर भागही आहे. थोडक्यात उत्तर असे : माल्ट हा शब्द दोन्हीकडे खरा आहे, पण डब्यातली पूड दुधासाठी तयार केलेला पक्का माल आहे. दुधात जे गुण तिला चव आणतात, तेच बिअरमध्ये दोष ठरतात. शिवाय तेलंगणात परवान्याशिवाय घरी बिअर करणे हा गुन्हा आहे. आता हे सविस्तर पाहू.

माल्ट म्हणजे आपले मोडाचे धान्य

माल्ट म्हणजे काय हे आपल्या आजी-पणजीला कुणी शिकवावे लागले नाही. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची आणि दळायची. त्या पिठाला आपण नाचणीचे सत्त्व म्हणतो. इंग्रजीत ज्याला माल्ट म्हणतात तो हाच प्रकार. युरोपात त्यासाठी मुख्यतः बार्ली, म्हणजे आपले जव किंवा सातू, वापरतात.

मोड आणल्याने काय होते? धान्याच्या दाण्यात पिष्ट साठवलेले असते. ते रोपाचे शिधापाणी. पण अंकुराला पिष्ट जसेच्या तसे खाता येत नाही, म्हणून दाणा रुजू लागला की त्यात अमायलेज नावाची विकरे तयार होतात. ती पिष्टाची लांब साखळी तोडून तिची साखर करतात. या साखरेला माल्टोज म्हणतात. पायेन आणि पर्सो या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८३३ मध्ये मोडाच्या जवातून हा पदार्थ प्रथम वेगळा काढला आणि त्याला डायास्टेज असे नाव दिले. विकर वेगळे काढण्याचे जगातले ते पहिले उदाहरण मानले जाते.

याचा अनुभव घरात सहज घेता येतो. साध्या पिठाची पेज करा आणि ती घट्ट झाल्यावर, कोमट असतानाच, त्यात मोडाच्या धान्याचे चमचाभर पीठ ढवळा. थोड्या वेळात पेज पातळ होते आणि किंचित गोड लागते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८०च्या दशकात याच गुणाचा अभ्यास झाला. लहान बाळाला घट्ट पेज गिळवत नाही आणि पातळ पेजेत अन्न कमी पडते. मोडाचे थोडे पीठ घातले तर भरपूर धान्याची पेजही बाळाला गिळता येईल इतकी पातळ होते. आजीच्या सत्त्वामागचे शास्त्र ते हेच.

तोच माल्ट डब्यात कसा गेला

बिअर करणारा माणूस हेच पीठ मोठ्या प्रमाणावर वापरतो. भरडलेला माल्ट साधारण ६२ ते ७० अंश सेल्सिअस पाण्यात तासभर ठेवला की विकरे पिष्टाची साखर करतात. तो गोड काढा गाळून घेतात, हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले घालून उकळतात, गार करतात आणि त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खाते आणि तिचे दोन भाग करते, मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड वायू. एक-दोन आठवड्यांत बिअर तयार होते.

माल्टच्या पेयाची सुरुवातही याच गोड काढ्यापासून होते. पण तिथे यीस्ट सोडत नाहीत. जेम्स आणि विल्यम हॉर्लिक हे दोघे भाऊ इंग्लंडहून अमेरिकेत गेले आणि १८७३ मध्ये त्यांनी तिथे बाळांच्या व आजाऱ्यांच्या आहाराचा धंदा सुरू केला. माल्ट आणि गव्हाचे पीठ यांच्या काढ्यात दूध मिसळून ते वाळवण्याची त्यांची पद्धत होती, आणि तिचे पेटंट त्यांना १८८३ मध्ये मिळाले. हेच हॉर्लिक्स. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात १९०४ मध्ये ओव्होमाल्टिन आले. इंग्रजी मुलखात त्याचेच नाव ओव्हल्टीन झाले. त्यात कोकोही होता. कॅडबरीच्या बोर्नव्हिटाला इंग्लंडमधल्या बोर्नव्हिल या गावाचे नाव आहे आणि भारतात तो १९४८ मध्ये आला. पुढे बूस्ट, माल्टोव्हा, मायलो अशी नावे घरोघर झाली. हॉर्लिक्सचा एक मोठा कारखाना आंध्रात राजमहेंद्रीला उभा राहिला, त्यामुळे आपल्या भागातल्या किराणा दुकानांत हे डबे कधी दुर्मीळ नव्हते.

अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात देशभर दारूबंदी होती. तेव्हा पॅब्स्ट, अन्हायझर-बुश अशा बिअरच्या मोठ्या कंपन्यांनी कारखाने चालू ठेवण्यासाठी माल्टचे घट्ट सिरप विकायला काढले. डब्यावर पाव-बिस्किटांसाठी असे लिहिलेले असे. लोक ते घरी नेत आणि त्यात यीस्ट घालून गुपचूप बिअर करीत. किराणा दुकानातल्या माल्टच्या डब्यातून घरची बिअर ही कल्पना तिथून चालत आलेली आहे. पण ते सिरप निव्वळ माल्टचे होते. दुधाचे आणि कोकोचे नव्हते. फरक इथेच पडतो.

नावाचा घोळ

बँकेत एकाच नावाची दोन खाती असली की नाव पाहून पैसे जमा करत नाहीत, खाते क्रमांक पाहतात. चॉकलेट माल्ट या नावाचेही तसेच आहे. बिअर करणाऱ्यांच्या कृतीत चॉकलेट माल्ट असे लिहिलेले असते तेव्हा त्यात चॉकलेटचा कणही नसतो. तो जवाचाच माल्ट असतो, पण कॉफीच्या बियांसारखा खरपूस भाजलेला. रंग चॉकलेटसारखा आणि वास कोको-कॉफीच्या जवळचा, म्हणून ते नाव. इंग्लंडमध्ये डॅनियल व्हीलर याने १८१७ मध्ये माल्ट भाजण्याच्या फिरत्या पिंपाचे पेटंट घेतले. त्यानंतर असा काळा माल्ट सहज मिळू लागला. पोर्टर आणि स्टाउट या काळ्या बिअरचा रंग या भाजलेल्या धान्याचा असतो.

म्हणजे परदेशातल्या मुलाने कृतीत "अडीचशे ग्रॅम चॉकलेट माल्ट" असे वाचले आणि भारतीय दुकानातून माल्टच्या पेयाची पूड आणली, तर खाते क्रमांक चुकला. एक आहे भाजलेले धान्य आणि दुसरे आहे साखर, दूध, कोको घातलेले पेय.

पूड बिअरमध्ये पडली की काय होते

कुठल्याही चॉकलेटी माल्ट पुडीच्या डब्यामागची यादी वाचावी. साधारणपणे धान्य व माल्टचा अर्क, साखर, दुधाचे घन पदार्थ, कोको, रंगासाठी कॅरॅमल, मिश्रण एकजीव राहावे म्हणून लेसिथिनसारखा पदार्थ, काही पुडींत खाण्याचा सोडा, आणि मीठ, जीवनसत्त्वे, खनिजे असे घटक असतात. आता एकेक घेऊ.

माल्टचा अर्क. हा खरा माल्टच आहे, पण त्यातल्या विकरांचे काम कारखान्यात संपलेले असते आणि पुढच्या उष्णतेत ती बहुतेक निकामी होतात. म्हणून ही पूड ज्वारीच्या किंवा तांदळाच्या पिष्टाची साखर करून देईल अशी आशा करू नये.

साखर. यीस्टला साखर सर्वांत प्रिय. ती सगळी खाऊन टाकते. मद्यार्क वाढतो, पण गोडी उरत नाही. चॉकलेट म्हणून जी चव आपण ओळखतो ती कोको आणि साखर यांच्या जोडीची आहे. साखर गेली की मागे कोकोचा कोरा कडूपणा राहतो. साखर न घातलेला कोको जिभेवर ठेवून पाहा, म्हणजे पटेल. पूड घालूनही बिअर चॉकलेटी लागत नाही, पातळ आणि कडसर लागते, याचे मुख्य कारण हेच.

दूध. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. बिअरच्या यीस्टला ती पचत नाही, म्हणून ती तशीच राहते आणि थोडी गोडी, थोडा दाटपणा देते. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिल्क स्टाउट नावाची बिअर निघाली, ती याच गुणावर. पण त्यांनी त्यात शुद्ध लॅक्टोज घातले. दूध घातले नाही. दुधातले केसीन हे प्रथिन आम्लात साकळते. त्याची हद्द सामू ४.६ च्या आसपास आहे आणि तयार बिअरचा सामू साधारण ४ ते ४.६ असतो. चहात लिंबू पिळले आणि मग दूध घातले तर जे होते, तेच इथे संथपणे होते. तळाशी चोथा आणि वर गढूळ पाणी.

स्निग्धांश. कोकोचे तूप, दुधाचे तूप आणि लेसिथिन हे तिन्ही फेसाचे वैरी. बिअरचा फेस धान्यातल्या प्रथिनांवर उभा असतो आणि तेलकट पदार्थ तो मोडतात. साठवणीत हेच स्निग्ध पदार्थ खवट होतात आणि बिअरला जुन्या पुठ्ठ्यासारखा वास येतो.

सोडा. दुधात पूड छान विरघळावी, रंग गडद यावा यासाठी तो उपयोगी. बिअरचे थोडे आम्ल तो मारतो. आम्ल कमी झाले की चव बेचव, साबणासारखी होते.

आता घालायची वेळ. उकळत्या काढ्यात पूड घातली तर ती तळाला बसून करपते. आंबत असताना घातली तर वर सांगितल्याप्रमाणे साखर जाते आणि चोथा राहतो. तयार, वायू भरलेल्या बिअरमध्ये चमचाभर कोरडी पूड टाकली तर प्रत्येक कणाभोवती बुडबुडा धरतो आणि बाटली कारंज्यासारखी उडते. आणि चौथी वेळ, बाटली बंद करण्यापूर्वीची, सर्वांत धोक्याची आहे. तिचा हिशेब स्वतंत्र मांडतो.

बाटलीचा हिशेब

घरची बिअर बाटलीत भरताना लिटरमागे साधारण ६ ग्रॅम साखर घालतात. बंद बाटलीत यीस्ट ती खाते आणि त्यातून वायू भरतो. ढोबळ नियम असा की लिटरमागे ४ ग्रॅम साखरेतून सुमारे १ लिटर वायू तयार होतो. बिअरमध्ये आधीचा थोडा वायू विरघळलेला असतो, तो ०.८ लिटर धरू. म्हणजे नेहमीच्या बाटलीत दर लिटर बिअरमागे दोन-सव्वादोन लिटर वायू. तेवढ्यासाठी बाटली बनवलेली असते.

आता समजा २० लिटर बिअरमध्ये कुणी नेहमीची १२० ग्रॅम साखर घातली, आणि वर चॉकलेटच्या चवीसाठी ५०० ग्रॅम माल्टची पूड. समजा डब्यावर १०० ग्रॅममध्ये ४० ग्रॅम साखर लिहिली आहे. पुडीतून २०० ग्रॅम साखर आली. एकूण ३२० ग्रॅम, म्हणजे लिटरला १६ ग्रॅम. वायू झाला ४ लिटर आणि आधीचा ०.८, मिळून जवळजवळ ५ लिटर. नेहमीच्या दुपटीहून जास्त. त्यात पुडीतल्या माल्टची साखर धरलेलीच नाही. उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जाणाऱ्या गावातल्या खोलीत ही बाटली ठेवली, तर उष्णतेने दाब आणखी वाढतो. काच फुटते, तुकडे उडतात, डोळ्याला इजा होते. घरची बिअर करणाऱ्यांना यीस्टपेक्षा या फुटक्या काचेची भीती जास्त असते, आणि ती रास्त आहे.

जिथे कायद्याने चालते, तिथे काय करतात

अमेरिकेत घरी स्वतःपुरती बिअर करण्याला केंद्र सरकारची परवानगी देणारा कायदा १९७८ मध्ये झाला. एका प्रौढाच्या घराला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर, इतकी मर्यादा आहे. विक्रीला मुळीच परवानगी नाही. तिथेही राज्यांचे कायदे वेगळे. शेवटच्या दोन राज्यांनी, अलाबामा आणि मिसिसिपी यांनी, २०१३ मध्ये मान्यता दिली. ब्रिटनमध्ये घरच्या बिअरसाठी लागणारा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला. विकायची नाही ही अट तिथेही आहे.

अशा देशांत राहणाऱ्या मुलांना चॉकलेटची चव हवीच असेल तर तिथले जाणकार पुडीच्या डब्याकडे जात नाहीत. रंग आणि खरपूस वास भाजलेल्या माल्टमधून घेतात. कोको घ्यायचा तर साखर नसलेला आणि कमी स्निग्धांशाचा घेतात, किंवा कोकोच्या भाजलेल्या बियांचे तुकडे आंबणे संपल्यावर काही दिवस बिअरमध्ये ठेवून काढतात. गोडीसाठी लॅक्टोज वापरतात. पाहुण्याला दूध पचत नसेल किंवा त्याची अॅलर्जी असेल तर आधी सांगतात, कारण बिअरमध्ये दुधाचा अंश असेल असे कुणाच्या मनातही येत नाही. बाटलीत भरताना साखर चमच्याने अंदाजे घालत नाहीत, तोलून घालतात.

आणि आपल्या इथे

आता ज्यासाठी हा लेख मुळात लिहिला त्या भागाकडे येतो. तिकडची कृती इकडे करून पाहू असे सुटीवर आलेल्या कुणाच्या मनात आले, तर घरातल्या मोठ्यांनी वेळीच थांबवावे.

आपल्या राज्यघटनेत मद्याचा विषय राज्यांकडे आहे. तेलंगणात १९६८ चा अबकारी कायदा लागू आहे. तो मूळचा आंध्र प्रदेशचा आणि नव्या राज्याने पुढे चालू ठेवला. या कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणे गुन्हा आहे आणि बिअर हे मद्यच आहे. घरापुरती केली, विकली नाही, वीस लिटरच होती, ही सबब चालत नाही. मद्य करण्यासाठी भांडी व साहित्य बाळगणे हाही गुन्ह्यातच मोडणारा प्रकार आहे. हैदराबादेत हॉटेलात ताजी बिअर करून देणाऱ्या छोट्या ब्रुअरी आहेत, पण त्यांना २०१५ च्या स्वतंत्र नियमांनुसार परवाना घ्यावा लागतो आणि शुल्क भरावे लागते. ती मुभा घराच्या स्वयंपाकघराला नाही. नेमक्या कलमांसाठी वकिलांना विचारावे.

आपल्या जिल्ह्याला या बाबतीत विसरभोळेपणा परवडत नाही. आपण सीमेवरचे लोक. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा आपल्या जिल्ह्यातून काढून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. आपण आंध्रात राहिलो आणि २०१४ पासून तेलंगणात आहोत. पैनगंगेच्या या तीरावर एक अबकारी कायदा आणि त्या तीरावर दुसरा, महाराष्ट्राचा १९४९ चा दारूबंदी अधिनियम. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ पूर्ण दारूबंदी होती आणि गडचिरोलीत १९९३ पासून आहे. आपल्याकडेही १९९५ ते १९९७ या काळात आंध्र प्रदेशात दारूबंदी होती. सोयरीक दोन्ही तीरांवर असल्याने लग्नाकार्याला बाटली घेऊन नदी ओलांडणे काहींना साधी गोष्ट वाटते, पण कायद्याच्या नजरेत ती साधी नाही. मग घरी केलेल्या बिअरची बात दूरच.

गुळापासून काढलेल्या गुडुंब्याने आपल्या भागातली किती घरे बसली हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्यामुळे अबकारी खात्याचे लक्ष घरगुती मद्यावर असते. आंबलेल्या काढ्याची बादली दिसली तर ती हौशी मुलाची की धंदेवाईकाची, हे पंचनामा करताना कुणी विचारत बसत नाही. एक गुन्हा नोंद झाला की पासपोर्टची पडताळणी, परदेशी व्हिसा, नोकरीची चौकशी, सगळीकडे तो कागद पुढे येतो. चार बाटल्यांच्या हौसेसाठी एवढे मोल देण्याजोगे त्यात काही नाही.

कुणी म्हणेल की आदिवासी बांधव मोहाची काढतातच ना? त्यांच्या पूजेत मोहाला स्थान आहे, आणि अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना मद्याच्या नियमनाबाबत १९९६ च्या पेसा कायद्याने अधिकार दिले आहेत. तो त्यांच्या समाजाचा आणि त्यांच्या ग्रामसभेचा विषय आहे. आपल्या हौसेला तो आधार होऊ शकत नाही.

मग चॉकलेट माल्टची हौस कशी भागवावी

हौस मात्र चांगली आहे. नातवंडांना माल्ट, मोड, आंबणे यांची गंमत दाखवायची असेल तर घरात दोन रस्ते मोकळे आहेत.

पहिला, घरचे माल्ट पेय. नाचणी १२ तास भिजवा, ओल्या फडक्यात दीड दिवस मोड आणा, चांगली वाळवा. चोळून मोड व मुळ्या पाखडून टाका. मंद आचेवर खमंग भाजा आणि दळून आणा. भाजताना रंग जितका गडद तितका वास खरपूस, हाच आपला घरचा चॉकलेट माल्ट. एका पेल्यासाठी दोन चमचे हे पीठ आणि एक चमचा बिनसाखरेचा कोको थंड पाण्यात कालवा, गुठळी राहू देऊ नका. पाच मिनिटे उकळा, गरम दूध घाला, आणि खाली उतरवल्यावर गूळ. गूळ आधी घातला तर दूध फाटण्याची भीती असते. साखर किती घातली हे आपल्याला ठाऊक असते, हा याचा मोठा फायदा. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या गटातून काढायला सांगितले, कारण आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात तशी व्याख्याच नाही. डबा आणूच नये असे आम्ही म्हणत नाही. मागचे लेबल वाचून आणावा.

ज्वारी ही आपल्या काळ्या मातीची. तिचाही माल्ट होतो, आणि चांगला होतो. नायजेरियाने १९८८ पासून बार्लीची आयात बंद केली तेव्हा तिथल्या बिअर कंपन्या ज्वारी आणि मक्यावर गेल्या. पण एक काळजी घ्यावी. ज्वारीच्या कोवळ्या अंकुरात सायनाइड सोडणारे द्रव्य असते. कोवळी ज्वारी खाऊन जनावराला किराळ लागते ते यामुळेच. म्हणून मोडाची ज्वारी कच्ची खाऊ नये. वाळवून अंकुर व मुळ्या पूर्ण काढाव्यात, मग पीठ करून चांगले शिजवावे. लहान मुलांसाठी नाचणीच बरी.

दुसरा रस्ता आंबिलीचा. आपल्या तेलुगू शेजाऱ्यांकडे हिलाच अंबली म्हणतात. ज्वारीचे किंवा नाचणीचे पीठ रात्री पाण्यात भिजवून ठेवायचे, सकाळी शिजवून गार करायचे, ताक, मीठ, जिरे आणि कांदा घालायचा. रात्रभरात पीठ आंबते ते मुख्यतः दह्यातल्यासारख्या जिवाणूंमुळे. ते साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात, मद्य करत नाहीत. मुलांना सकाळी भांड्यावर कान ठेवायला सांगा, बुडबुड्यांचा बारीक आवाज येतो. बिअर आंबते म्हणजे काय हे समजायला तेवढे पुरे, आणि भांडे दुपारी उन्हातून आलेल्या माणसाला उपयोगी पडते.

परदेशातल्या मुलांना एवढेच कळवावे की दुधाची पूड दुधातच राहू दे. तिकडचा कायदा पाळून प्रयोग करायचा असेल तर भाजलेला माल्ट आणि साधा कोको वापर, बाटलीतली साखर तोलून घाल, आणि वय, प्रकृती, गाडी चालवणे यांचे भान ठेव. इकडे येताना बिअरची कृती तिकडेच ठेवून ये. आजीची सत्त्वाची कृती मात्र जाताना लिहून घेऊन जा.

ज्यांच्या घरी सत्त्वाची किंवा आंबिलीची वेगळी पद्धत असेल त्यांनी ती मंडळाकडे अवश्य लिहून पाठवावी. बेल्याकडची, बोथकडची आणि किनवटकडची पद्धत एकसारखी नाही, आणि त्या सगळ्या एका जागी नोंदल्या गेल्या तर पुढच्या पिढीच्या कामी येतील.